पाच मोजा

नळ स्टॉपच्या मागे, दुसरा मजला, लिफ्ट बंद.
फॉर्मवर रकाना: शब्द किती?
मी चार लिहिले, खोडून तीन केले.
‘भू’ पाण्यालाही म्हणतो आणि कुत्र्यालाही,
तो एक धरायचा की दोन?

अडीच वर्षांचा शर्विल माझ्या ओढणीत.
केळुसकर मॅडमनी त्याच्याकडे पाहिलंच नाही,
पाठमोऱ्या फरशीवर बसल्या
डब्यांची झाकणं घरंगळत सोडत.
अर्धा तास. सातशे रुपये.
सासूबाई म्हणतील, याचा बापही उशिराच बोलला.

निघताना म्हणाल्या,
त्याला कुणी काही विचारलं
तर तुम्ही उत्तर देऊ नका.
मनात पाच मोजा.

रिक्षावाल्याने आरशातून विचारलं,
‘काय रे दोस्ता, नाव काय?’
शर्विलने तोंड कुशीत खुपसलं.
त्याचं नाव जिभेवर आलं होतं
माझ्याच, नेहमीसारखं.

एक. दोन.
म्हात्रे पूल.
तीन.
केवढा लांब असतो एकेक आकडा.
चार. पाच.
रिक्षावाला आपला सिग्नलकडे बघत.
मी पुढे मोजत राहिले.

अकराला ओढणी जराशी सरकली
आणि एक डोळा
आरशात गेला.