पहिली ड्यूटी : सांगली–तासगाव

तिकिटाचं मशीन हाताला परकं.
नऊ महिन्यांत भाडं वाढलंय,
बोटं जुनेच आकडे दाबतात.

माधवनगरला एक बाई चढली, कडेवर पोर.
"ह्याचं लागतं का?"
"नाही लागत," म्हणाले,
आणि उगीचच त्याचा मोजा वर ओढला.

बुधगाव. कवलापूर.
आता रुंजी उठली असेल,
सासरे वाटीवर चमचा वाजवत असतील,
ती दाराकडे बघत असेल.
किंवा नसेलही.
हे दुसरं जास्त लागतं.

खाकीच्या आत ओल आली.
पैशांची बॅग छातीवर ओढून घेतली.

कुमठे फाट्याला कुणीच उतरणार नव्हतं,
तरी माझ्या हातून बेल वाजली.
मुलाणीमामांनी गाडी थांबवली,
आरशात पाहिलं,
विचारलं काही नाही.

जरा वेळानं
मीच डबल दिली.