बर्फाचं बटण

नऊ वर्षं मी पानं बांधली
किसुमूच्या अर्ध्या गावाची:
शाळांची, लॉजांची, दातांच्या दवाखान्यांची,
एका बँडचंही; पान तयार होईतो बँड फुटला.
खोक्यात खोकं, त्यात अक्षरं,
वरून रंगाचा हात.
मला एवढंच येतं. ते चांगलं येतं.

मग बर्फ कारखान्याचे ओजुका आले,
शर्टाला अमोनियाचा वास.
म्हणाले, साइट आहे माझी, कुणी फिरकत नाही.
मला होडीवाल्यांच्या खिशात जायचंय.
पहाटे तीनला कुणाला किती लाद्या लागणार
ते मला अडीचला कळायला हवं.
एरवी बर्फ तरी वितळतो, मासा तरी सडतो,
आणि दोन्ही माझ्याच वहीत येतात.

हो म्हणून बसले. घरी येऊन घाबरले.
फोनची खरी बोली मला कुठं येते?
पण तोंडाशी आलेलं काम कोण सोडतं.
शोधलं, तर जुनंच व्याकरण चालणार होतं;
मध्ये फक्त एक दुभाष्या बसवायचा,
मी माझ्या भाषेत सांगायचं,
त्यानं फोनच्या कानात.
सहा आठवड्यांनी अ‍ॅप धावलं.
धावलं म्हणजे माझ्या टेबलावर,
कोरड्या हातात, वायफायच्या सावलीत.

डुंगाच्या किनाऱ्यावर अकेयोबाईंनी फोन घेतला.
पाच होड्या त्यांच्या, आणि अंगठ्यावर
चिकटलेला खवला, नाण्याएवढा.
दाबलं. काही नाही.
पुन्हा दाबलं. काही नाही.
लुगड्याला हात पुसून दाबलं, तर
चारच्या जागी चव्वेचाळीस लाद्या.
बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या,
पोरी, तुझ्या काचेला पाणी सोसत नाही
आणि माझ्याकडे कोरडं असं काही नाही.

परतताना मोटारसायकलवर मागे बसून
मी फोन नुसता चाचपत राहिले.
काच जिथं संपते तिथं माझं जग संपत होतं,
आणि कडेला, बोटाखाली,
आवाजाची दोन बटणं होती.
खरीखुरी. दाबली की आत जाणारी.
पानाला ती कधी दिसलीच नव्हती.

तिथं दुभाष्याही गप्प.
मग मीच शिकले, कॉटलिनच्या तीस ओळी,
अडखळत, प्रत्येक ओळ तीनदा चुकवत,
जशी मी नैरोबीत किकुयू बोलते:
लोक हसतात, पण सुटे पैसे बरोबर देतात.
वरचं बटण एकदा, एक लादी.
खालचं बटण, एक कमी.
वरचं धरून ठेवा, ऑर्डर गेली,
आणि फोन मुठीत दोनदा थरथरतो,
हुंकार दिल्यासारखा.

स्टोअरवाल्यांनी अ‍ॅप परत पाठवलं.
विचारलं, आवाजाचं बटण का अडवता?
मी लिहिलं: बाईंच्या अंगठ्यावर खवला आहे.
ते त्यांना पुरलं नाही, मग सभ्य भाषेत
चार परिच्छेद लिहिले. तेव्हा पास झालं.

आता रात्री तळ्यात, जिथं रेंज पोचत नाही,
लाद्यांचे आकडे फोनमध्ये दबा धरून बसतात.
जलपर्णीचा पट्टा ओलांडून होडी आत वळली
की सुटतात एकामागून एक,
आणि कारखान्यात ओजुकांचा फोन टेबलावर सरकू लागतो:
अकेयो, सहा. ओतुगे, दोन. अकेयो, अजून एक.

अकेयोबाईंना माझं नाव माहीत नाही.
मी बटणवाली.

ओजुकांनी शेवटचा हप्ता थकवला,
मग निम्मा पैशात दिला, निम्मा बर्फात.
एवढी लादी ठेवू कुठं?
गल्लीतली पोरं बोलावली, हातोडी दिली,
सगळ्यांनी मिळून फोडली, कोपरापर्यंत भिजलो.
तेवढ्यात फोन वाजला, नवं गिऱ्हाईक असावं.
मी काचेवर बोट ओढत राहिले, ओढत राहिले,
तो काही उचलला जाईना.