वरचे पाच टक्के

फॉर्म पुन्हा विचारतो : उमेदवाराला आपण कधीपासून ओळखता,
आणि कोणत्या नात्याने.
आठ वर्षे, मी लिहिते. राज्यशास्त्राची प्राध्यापक.
खरं तर सुहिता तळकर मला पहिल्यांदा दिसली
केरीच्या धक्क्यावर, तेरेखोलच्या फेरीत,
दोर सोडणाऱ्या बापाच्या बाजूला,
हातात माझ्याच विषयाचं पुस्तक,
बांगड्यांच्या पिशवीने एका कडेला ओलं झालेलं.

पुढे चौकटी.
वरचा एक टक्का, वरचे पाच, वरचे दहा,
मत देण्याइतकी ओळख नाही.
जिज्ञासा. नेतृत्व. ताण सोसण्याची ताकद.
कुणात मोजायची हिला?
पेडण्याच्या वर्गात बावीस मुलं होती.
चौदा आता आखातात नाहीतर क्रूझच्या स्वयंपाकघरात,
दोघं पोर्तुगीज पासपोर्ट काढून स्विंडनला.
आंतरराष्ट्रीय संबंध म्हणायचे, तर हेसुद्धा.

एम.ए.साठी अर्ज केला तेव्हा
तिचं उद्देशपत्र मी सात वेळा वाचलं.
पहिल्या खर्ड्यात शीतयुद्ध होतं, विश्वशांती होती,
आणि "लहानपणापासून मला राजदूत व्हायचं होतं".
लहानपणी राजदूत पाहिला होतास?
ती हसली. खलाशी पाहिला होता, बाई.
मग तो लिही, गो.

सातव्या खर्ड्यात नदी आली.
नदीच्या अलीकडे गोवा, पलीकडेही गोवाच,
एक किल्ला, थोडी घरं,
आणि घरांच्या पाठीमागे लगेच महाराष्ट्र.
तिच्या पणज्याच्या काळी त्या मागच्या बांधावर
दुसरा देश सुरू व्हायचा.
गाय हे मानत नव्हती.
गाय रोज परदेशात चरून संध्याकाळी घरी.

मर्यादा पाचशे शब्दांची.
गायीनेच एकसष्ट खाल्ले.
काढू का, बाई?
ते तहांचे संदर्भ काढ. गाय ठेव.

पहिल्या वर्षी प्रतीक्षायादी,
मग एप्रिल, मे, आणि काहीच नाही.
वर्षभर म्हापशात एका ट्रॅव्हल एजंटकडे बसून
तिने इतरांचे व्हिसाचे फॉर्म भरले.
दुसऱ्या वर्षी जिनिव्हा, निम्मी शिष्यवृत्ती.
उरलेल्या निम्म्यासाठी उत्तम तळकर बँकेत गेले
खात्याच्या गणवेशातच, दुपारची पाळी तोंडावर होती.
मॅनेजर म्हणाला, हे शिकून पुढे होणार काय?
"म्हाका खबर ना. तिका खबर आसा."
तिलाही नव्हतं. हे तिने मला नंतर सांगितलं,
फोनवर, पहिल्या हिवाळ्यात,
तळघरातल्या धुलाईयंत्राच्या आवाजावर ओरडून.

तिथे त्यांची एक सरावपरिषद झाली.
खोटी नदी, दोन खोटे देश, खरे घनमीटर.
सुहिताकडे खालचा देश.
सगळे आकडे घेऊन तुटून पडले,
ही तासभर गप्प.
मग तिने विचारलं, या नदीवर फेरी कोण चालवतं?
नकाशात फेरी नव्हती.
सरांनी कागद उलटून पाहिले,
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
शेरा मिळाला : तयारी अपुरी.
तो तिने खोलीच्या भिंतीवर चिकटवलाय म्हणे,
गमतीने की रागाने, मी विचारलं नाही.

आता हा पीएचडीचा फॉर्म.
त्यांची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेचार.
उत्तम निवृत्त झालेत. कर्जाचे एकोणीस हप्ते बाकी.
"नेतृत्व" मी रिकामं सोडून पाहिलं,
लाल अक्षरं उमटली : ही चौकट अनिवार्य आहे.
बरं. वरचे पाच.
वरचा एक टक्का त्या गायीसाठी राखून ठेवते.

मग "उमेदवाराबद्दल आणखी काही?"
खाली दोनशे शब्दांची जागा.
मी लिहिते : ती विचारते.
पुढचं सुचत नाही.
चार वाजून बावीस.
पाठवते.
अजून पोदेराचा भोंपू नाही,
तरी उठून सुटे पैसे शोधून ठेवते,
कालही त्याला शंभराची मोड नव्हती.