अर्धा फेरा

कोठाराचं दार रुळावरून नाही, चिखलावरून सरकतं.
जोर लावा, हेस्टर मॉबी म्हणाली,
त्यालाही सवय राहिली नाही.
आत बटाट्यांच्या पेट्या, सशांची मोडकी जाळी,
आणि ताडपत्रीखाली
गुडघे पोटाशी घेऊन कुणी झोपावं तेवढा उंचवटा.

ट्रायम्फ टीआर थ्री. एकोणसाठची.
काचेवर कराची गोल चिठ्ठी, जून ब्याऐंशी.
रंग हिरवा. म्हणजे एके काळी.
त्यावर आता तुळईवरच्या घुबडानं
आपलं मत नोंदवून ठेवलंय.

मी आधी काही बोलत नाही, हे धंद्याचं पथ्य.
मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक
मडगार्डांवरून सावकाश फिरवतो.
चिकटलं, की पत्रा.
घसरून हातात आलं, की लांबी,
कुणी एका शनिवारी भरून, घासून, विसरून गेलेली.
डाव्या बाजूला ते चार वेळा घसरलं.
हेस्टरनं पाहिलं, आणि खिडकीकडे पाहायला लागली.

मग गोणपाट अंथरून, पाठीवर.
लिंकनशरचा हा सपाट पाणथळ मुलूख
समुद्राकडून उसना घेतलेला;
ओल खालून येते, व्याज मागत.
चासीला स्क्रूड्रायव्हर टेकवला.
टेकवला फक्त. मुठीपर्यंत आत गेला.
गव्हावर पडतो तसा तांबेरा
बोटांवर, पापण्यांवर, जिभेवर.
बडा घर, पोकळ वासा;
आणि वाशात मुंग्यांचं एक उठून गेलेलं गाव.

वहीत लिहिलं :
चासी बाद.
दारांखालच्या पट्ट्या, दोन्ही बाद.
डिकीचा तळ, आहे असं म्हणायचं.
सीटचं चामडं उंदरांनी नेलं, स्प्रिंगा ठेवल्या.

"लाइनल म्हणाला होता, दोनच महिने,"
वरून आवाज आला. मला तिचे फक्त बूट दिसत होते.
"उत्तर समुद्रात काम होतं त्याला, तेलाच्या फलाटावर."
पुढचं तिनं सांगितलं नाही.
डाव्या बुटाच्या नाडीला दोन गाठी होत्या.

इंजिनाकडे मी शेवटी वळतो.
तिथली बातमी बहुधा ठरलेली :
पिस्टन धरलेले, सिलिंडरशी एकजीव झालेले.
प्लग काढले, तेलाची कुपी उघडली,
म्हटलं, आठवडाभर मुरू द्यावं लागेल, मग बघू.

कशाला? ती म्हणाली,
आणि पेट्यांमागून हँडल काढलं,
लांबोडकं, काळं, मुठीपाशी मात्र चकचकीत.
पुढच्या भोकात न बघता बसवलं,
एक पाय मागे, पाठ ताठ,
आणि फिरवलं.

अर्धा फेरा.
दोन पिस्टन वर गेले, दोन खाली आले.
कुरकूर नाही.

"महिन्याच्या पहिल्या रविवारी," ती म्हणाली.
"धरू देऊ नकोस, एवढंच सांगून गेला होता.
प्लग काढायला मी पुस्तकातून शिकले.
प्रत्येकात चमचाभर तेल घालते. चुकलं का काही?"

बेचाळीस वर्षं. पाचशे चार अर्धे फेरे.
चालत्या इंजिनाला हे वीस सेकंदांचं काम;
तेवढ्यात गाडी
तिच्या फाटकापर्यंतही पोचली नसती.
हा हिशेब मी वहीत मांडला नाही.
चासीला रकाना आहे, पत्र्याला आहे,
काचेला, तारांच्या जंजाळाला, क्रोमला आहे.

नाही, म्हटलं, चुकलं नाही.

आकडा सांगितला. प्रामाणिक होता, म्हणून लहान होता.
तिनं मान हलवली : तेलाचेच तेवढे झाले असतील.
मग विचारलं,
"हे गाडीबरोबरच द्यावं लागतं का?"
नियम तसाच आहे.
गाडीचं सामान गाडीबरोबर.
मी चष्मा पुसायला घेतला.

ती हँडल एप्रनला पुसत होती,
नेमकं तिथे, जिथे पुसायला काही उरलं नव्हतं.
बाहेर बीटचे ढीग, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत साचलेलं आभाळ.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.
"पण या आठवड्यात नको.
रविवारनंतर या."