पिन दोन, पिन तीन

महापे, तिसरा मजला, गाळा तीनशे सात.
तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडून वजनावर आणलेला पॉवर सप्लाय,
समोरचा डिस्प्ले मेलेला,
व्होल्ट किती, करंट किती, काही कळायला मार्ग नाही.
सेठ म्हणाले, मागे नऊ पिनांचा पोर्ट आहे ना,
कॉम्प्युटरवरून चालव.

सोमवारी मी त्याला नाव विचारलं.
एक ओळ, शेवटी प्रश्नचिन्ह, एन्टर.
कर्सर लुकलुकत राहिला.
चोवीसशेच्या वेगाने विचारलं, अठ्ठेचाळीसशेच्या,
शहाण्णवशेच्या तर तीनदा.
पॅरिटी सम, विषम, मग काढूनच टाकली.
आउटपुट चालू कर म्हटलं, बंद कर म्हटलं,
शेवटी नुसत्याच शिव्या टाइप केल्या,
त्याही मराठीत, इंग्रजी अक्षरांनी.

मंगळवारी केसातला चाप काढून
कॉम्प्युटरच्या पोर्टावर दोन आणि तीन जोडल्या.
जे टाइप करावं तेच खाली उमटायचं.
म्हणजे या बाजूचं तोंड शाबूत, कान शाबूत.
वहीत लिहिलं : प्रतिसाद नाही.
बुधवारी त्याखाली नुसती दोन टिंबं.

गुरुवारी घरतकाका आले, पॅकिंगचे खोके उचलायला.
काका घणसोलीचे. अठरा वर्षं पॉवर प्रेसवर काढली,
उजवा कान तिथेच राहिला, डावा कामापुरता.
मशीन चालू आहे की नाही ते हात ठेवूनच बघतात,
सवयच तशी.
मी कंटाळून पुन्हा 'आउटपुट चालू' पाठवलं
तेव्हा त्यांचा तळवा त्या राखाडी डब्यावर होता.

"हल्ला."
काय हल्ला?
"आत कायतरी टक् झाला. परत कर."
बंद. चालू. बंद.
पंख्याच्या घरघरीत मला काहीच ऐकू येत नव्हतं.
काका प्रत्येक वेळी मान डोलवत होते,
जशी कुणाची नाडी लागते आहे.
"आयकतंय त्यो," म्हणाले, "बोलत नाय येवढाच."

मल्टिमीटर आणला. पिन तीन : बीप.
पाच : बीप.
दोन : काही नाही.
केबलचं टोपण उघडलं तर
वायर सोल्डरच्या अगदी मुळाशी तुटलेली,
वरच्या प्लॅस्टिकने तिला जागेवर धरून ठेवलेलं,
बघणाऱ्याला वाटावं, सगळं ठीक आहे.

राळेचा धूर डोळ्यांत गेला. डाग बसला.
मी पुन्हा पहिलाच प्रश्न विचारला
आणि पडद्यावर एका दमात आलं
कंपनीचं नाव, मॉडेल, नंबर, आवृत्ती.

"काय म्हन्ला?" काकांनी डावा कान पुढे केला.
नाव सांगितलं, काका. स्वतःचं.
"त्या तं मागं पट्टीवर लिवलंय,"
आणि खोके उचलून निघून गेले.

वहीतलं 'प्रतिसाद नाही' मी खोडलं नाही.
शेजारी बारीक अक्षरात लिहिलं :
माझ्यापर्यंत पोचला नाही.
मग त्याला बारा व्होल्ट सांगितले
आणि मीटर लावायच्या आधी
उगाच डब्यावर हात ठेवून पाहिला.