तेल-मीठ

नवापुरात किराणा दुकानाच्या गल्ल्यावर,
उधारीच्या वहीच्या उलट्या बाजूने
दगाजी कादंबरी लिहितो.

अस्तंब्यावरून अश्वत्थामा उतरतो,
कपाळाच्या जखमेला तेल मागत फिरतो.
तेराव्या प्रकरणात धरणाचं पाणी चढतं,
ट्रकमधली बाई वळून गावाकडे बघते
आणि लोटाच्या बायकोसारखी
मिठाचा खांब होते.

रिबका गावीत ऐकते, पिशवी काखेत.
“मीही पाहिलं होतं वळून.
काही झालं नाही. मिठाची बरणी तेवढी
चुलीमागे राहिली.”
थांबते.
“आणि त्या जखमवाल्याला तेल मिळालं?”
“नाही. शेवटच्या पानापर्यंत मागतोच.”
“दुकान तुझं असून?”

दगाजी वही उलटतो.
गावीतबाई, लिहितो, मीठ अर्धा किलो.
खाली, नाव न घालता:
तेल, एक पळी.