चिंधी

साल्हाची बोटं आता पुरती उघडत नाहीत.
डॉक्टरांनी संधिवात म्हटलं, दोन रंगांच्या गोळ्या दिल्या.
घरी येऊन ती म्हणाली, रविवारचा कुसकुस तू करायचास.
मी, मोंजी. स्फाक्सच्या बंदरावर
एकेचाळीस वर्षं बोटींची इंजिनं उघडली,
घरातला गॅस मात्र कधी पेटवला नाही.

ती खुर्चीत, मी खाली, परातीपुढे.
रवा पसर. पाण्याचा हबका मार.
हबका म्हटलं मी, आंघोळ नाही.
आता तळवा फिरव, गोल, हलका,
झोपलेल्या मांजरावरून फिरवावा तसा.
पाणी किती?
रवा सांगेल.
मीठ किती?
चिमूटभर.
कुणाची चिमूट, तुझी का माझी?
त्यावर हसली. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा.

आधी सगळा चिखल. ऐकेचना.
मग कधीतरी दाणे धरू लागले, मोहरीएवढे,
ऑइलने कायमच्या काळ्या झालेल्या माझ्या रेषांमधून
पिवळे घरंगळत गेले.
पाणी, पीठ, पुन्हा पाणी, पुन्हा पीठ,
एकेका दाण्यावर थर चढताना दिसत नाही,
चढलेला मात्र हाताला लागतो.
आपलंही असंच काही झालं का गं,
असं विचारणार होतो.
ती म्हणाली, कांदा करपतोय.

खाली पातेल्यात मासा, कांदा, जिरं, मिरचीचं लाल वाटण.
वर भोकांचं भांडं, त्यात कुसकुस.
आणि दोन्हींच्या सांध्यातून वाफ निसटायला लागली, सूंऽऽ.
हे मात्र मला कळतं!
गॅस्केट गेलंय, मी ओरडलो.
गॅस्केट गेलं की केवढंही इंजिन असो,
बोट भर समुद्रात उभी.
दुसऱ्या खणात चिंधी आहे, ती म्हणाली,
पिठाच्या खळीत बुडव आणि सांध्याला गुंडाळ.

खण उघडला. दोन बोटं रुंद निळी पट्टी,
वाळून कडक, धुऊन धुऊन विटलेली.
उलटी केली तर कडेला अर्धं काज.
साल्हा, हा माझा शर्ट आहे.
कामावरचा. हेदी झाला त्या वर्षी हरवलेला.
त्याच्यापायी मी बशीरशी चार महिने बोललो नव्हतो.

हरवला नव्हता, ती म्हणाली.
डिझेलचा वास जाईना. टाकवेना.
मग काय, शिजवत बसले.

इतके रविवार!
मी बोटं चाटत पोरांना सांगायचो,
तुमच्या आईच्या हाताला चव आहे.
आणि तिकडे चुलीवर माझीच बाही
पिठात माखून, पातेल्याला मिठी मारून,
वाफ धरून उभी असायची.
ताटात कोण वाढतं तिला?

गुंडाळली. अंगठ्याने दाबत दाबत नेली.
सूं थांबलं.
वाफ मुकाट वर गेली, जिथे जायला हवी तिथे.

जेवताना म्हणाली, गुठळ्या राहिल्यात.
आणि वाकड्या बोटांत चमचा अडकवून
आधी त्याच निवडून खाल्ल्या.

रात्री चिंधी मी धुतली,
गच्चीवर दोरीला चिमटा लावून टाकली.
सहज नाकाशी धरून पाहिली होती.
जिरं होतं.
समुद्र होता थोडा.
डिझेल?
पुन्हा धरून पाहिली.
होतं, असं म्हणायला हरकत नाही.